गव्हाणी घुबडाच्या गोळ्या: एका जागेची दहा वर्षांची वही कशी ठेवावी

पहिल्या वर्षाचे जबडे माझ्याकडे अजून आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर, स्वच्छ धुतलेले. गावातल्या पडक्या वाड्यात राहणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या जोडीने वर्षभर काय खाल्लं याचा तो पुरावा आहे, पण तो कशालाच लावता येत नाही. बारा महिन्यांच्या गोळ्या मी एकाच पिशवीत भरल्या होत्या. कोणता जबडा आषाढातला आणि कोणता सुगीतला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हा लेख त्या डब्यामुळे लिहितो आहे. घुबडाचा आहार वर्षानुवर्षं कसा बदलत जातो हे गावात राहून, फारसा खर्च न करता तपासता येतं. काम अवघड नाही, मात्र ते पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीने व्हायला हवं.

आधी गोळीविषयी. घुबड उंदीर शक्यतो अख्खा गिळतं. मांस पचतं, केस, हाडं आणि दात जठरात गोळा होऊन दाबले जातात आणि काही तासांनी तोंडावाटे बाहेर पडतात. पक्षीनिरीक्षक याला पेलेट म्हणतात, मी इथे सरळ गोळी म्हणेन. ती विष्ठा नव्हे. शिकरा, घार, गरुड यांच्या जठरातलं आम्ल जास्त तीव्र असतं, त्यामुळे त्यांच्या गोळ्यांत हाडं फारशी उरत नाहीत. घुबडाच्या गोळीत मात्र अख्खी कवटी सापडते, आणि बदामाच्या आकाराचा चेहरा असलेल्या गव्हाणी घुबडाइतकी शाबूत कवटी क्वचितच दुसऱ्या घुबडाच्या गोळीत मिळते. मोठं शृंगी घुबड भक्ष्य फाडून खातं, त्यात डोकं हरवू शकतं. पिंगळ्याच्या गोळीत किड्यांचाच भरणा जास्त. म्हणून सुरुवात गव्हाणीपासूनच करा. शिवाय ते माणसाच्या शेजारी राहतं. गव्हाण हा शब्द त्याच्या नावातच आहे.

जागा

पडका वाडा, देवळाचं शिखर, जुनी पाण्याची टाकी, विहिरीची कपार, बंद पडलेली गिरणी. छताखालच्या तुळईवर पांढरे ओघळ आणि खाली काळ्या गोळ्या दिसल्या की जागा सापडली. एक अट मात्र सोडू नका: वरून छप्पर हवं. उघड्यावरची गोळी पावसात दोन दिवसांत विरते आणि मग तुमच्या वहीत दरवर्षी जून ते सप्टेंबर कोरे राहतात. पावसाळ्यातला आहार माहीत नसेल तर वर्षाची बेरीज खोटी पडते.

जमल्यास दोन जागा धरा, एकमेकींपासून चार-पाच किलोमीटरवर. दोन्हीकडे एकाच वर्षी एकच बदल दिसला तर कारण पाऊस, पीक असं काहीतरी मोठं असण्याची शक्यता वाढते. एकाच जागी दिसला तर आधी ती जोडी बदलली का ते पाहा. घुबडांतही एकेकाच्या शिकारीच्या सवयी वेगळ्या असतात.

मालकाची किंवा पुजाऱ्याची परवानगी घ्या आणि काय करणार ते नीट समजावून सांगा. घुबड अपशकुनी मानणारी घरं अजून पुष्कळ आहेत. अशा घरी मी वाद घालत नाही. एका गोळीतली हाडं वर्तमानपत्रावर मांडून दाखवतो. आमच्या वाड्याच्या मालकीण आजींनी ती पाहिली आणि लगेच स्वतःहून सांगू लागल्या की पूर्वी हे पाखरू कडब्याच्या गंजीजवळ बसायचं, तेव्हा समोरच्या रानात बाजरी असायची, कालवा आला आणि ऊस आला. हे सगळं मी त्याच दिवशी लिहून घेतलं. पुढे ते फार उपयोगी पडलं.

जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका. घुबडांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. पिल्लं किंवा अंडी असतील तर घरट्याखाली मिनिटभरच थांबा, दिवसा जा, टॉर्च वर मारू नका, फोटोसाठी शिडी लावू नका. मादी अंड्यांवरून उठली तर त्या महिन्याची फेरी तिथेच सोडून द्या.

पहिली झाडलोट आणि पुढच्या फेऱ्या

पहिल्या दिवशी जागा पूर्ण झाडून घ्या. खाली साचलेला जुना ढीग किती वर्षांचा आहे ते कळत नाही, म्हणून तो वेगळ्या पिशवीत, ‘तारीख अज्ञात’ अशा चिठ्ठीसह ठेवा. टाकू नका. त्या दिवसानंतर जे पडेल त्यालाच तारीख असेल.

त्यानंतर महिन्यातून एक फेरी, ठरलेल्या दिवशी. मी दर महिन्याचा शेवटचा रविवार धरतो. नाकावर चांगला मास्क आणि हातात मोजे हवेतच, कारण जुन्या वाड्यात वटवाघळांच्या लेंड्यांची धूळ असते आणि ती फुप्फुसांना बाधते. सगळ्या गोळ्या उचला, तुकडेसुद्धा. फक्त मोठ्या, देखण्या गोळ्या उचलण्याचा मोह होतो, पण त्यामुळे लहान भक्ष्य मोजणीतून गळतं. ताजी गोळी काळी, ओलसर, वार्निश लावल्यासारखी चकचकीत असते. जुनी राखाडी आणि भुसभुशीत. किती अख्ख्या आणि किती तुटलेल्या हे जागेवरच मोजा.

पाकीट कागदी घ्या. प्लास्टिकमध्ये ओली गोळी बुरशी धरते. पाकिटावर पेन्सिलने जागेचा क्रमांक, तारीख, आधीच्या फेरीची तारीख आणि उचलणाऱ्याची आद्याक्षरं लिहा, आणि तीच चिठ्ठी पाकिटाच्या आतही टाका. पेनाची शाई ओलीने पसरते. माझी एक अख्खी फेरी अशीच वाया गेली आहे.

घरी आणल्यावर

लोकरीच्या कपड्यांना लागते तीच कसर गोळ्यांना लागते. केस हे तिचं खाद्य. दोन महिने दुर्लक्ष केलं तर पाकिटात नुसती हाडं आणि भुसा उरतो, आणि कोणती हाडं एका गोळीतली हे कळायचा मार्ग जातो. म्हणून गोळ्या सावलीत पूर्ण वाळवा, पाकिटं घट्ट पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरचा फ्रीज असेल तर खाण्याच्या वस्तूंपासून पूर्ण वेगळा कप्पा हवा. तो नसेल तर बंद डब्यात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवा आणि महिन्याच्या आत फोडून टाका. गोठवल्याने कसर मरते, जंतू मरतातच असं नाही. घुबडाच्या गोळ्यांत साल्मोनेला सापडलेला आहे. लहान मुलांना सोबत घेणार असाल तर मोजे, साबण आणि जेवणाचं टेबल सोडून दुसरी जागा, एवढं पाळाच.

फोडणं

पांढरी बशी, दोन चिमटे, जाड सुई, जुना टूथब्रश, चहाची गाळणी, दहापट मोठं दाखवणारं भिंग. एवढी सामग्री पुरते.

गोळी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की केसांची घट्ट वीण सैल होते. मधोमध चिमटे रोवून हळूच ओढा. आत करड्या केसांच्या पुंजक्यात पहिल्यांदा नारिंगी रंगाचा वाकडा दात चमकतो, मग त्यामागे कवटीचा पातळ पापुद्रा. कवटीला थेट चिमटा लावू नका, भोवतालचे केस उपटत या. जबडे, कवट्या, मांडीची हाडं बाजूला ठेवा, उरलेला चोथा गाळणीत धुवा. चिमुकल्या उंदराचा जबडा बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो आणि तो हमखास चोथ्यातच सापडतो. केस विरघळवण्यासाठी काही जण कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात. काम भराभर होतं, पण हात भाजतात आणि वेळेचा अंदाज चुकला तर नाजूक हाडंही झिजतात. मी साधं पाणीच वापरतो.

प्रत्येक गोळीची हाडं स्वतंत्र पुडीत राहतील असं पाहा.

ओळख

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून जरा थांबून.

पहिला प्रश्न: उंदीर की चिचुंद्री? उंदराच्या जबड्यात पुढे पटाशीचे दात, मग मोठी रिकामी जागा, मग तीन दाढा. एकूण दात १६, पटाशीचे बहुधा पिवळे-नारिंगी. चिचुंद्री उंदीर नव्हेच. तिच्या दातांत अशी रिकामी जागा नसते. टोकदार दातांची रांग सलग जाते, आपल्याकडे ते दात पांढरे असतात, आणि कवटीला गालाच्या हाडाची कमान नसते. लांब सुळे दिसले तर वटवाघूळ समजा. चोच असेल तर पक्षी.

उंदीर ठरला तर दाढांकडे वळा. वरच्या जबड्यातली पहिली दाढ तिच्या मागच्या दोन दाढांच्या एकत्रित लांबीपेक्षा मोठी असेल तर तो मस प्रजातीतला चिमुकला उंदीर: शेतातला मस बुडुगा किंवा घरातला मस मस्क्युलस. घरातल्याच्या वरच्या पटाशीच्या दाताला बाजूने पाहिलं तर आतल्या अंगाला खाच दिसते. वरच्या पटाशीच्या दातांवर उभी चर असेल तर दोन पर्याय उरतात: जरबिल म्हणजे टाटेरा इंडिका, नाहीतर गोलुंडा. चर दिसली की जरबिल लिहून मोकळं होणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे आणि मीही ती केली आहे. कवटीखाली कानाचे हाडाचे मोठे फुगे असतील आणि दाढा आडव्या पट्ट्यांच्या असतील तर जरबिल. दाढांवर उंचवटे असतील तर गोलुंडा. रुंद, दणकट कवटी, जाड पटाशी आणि आडव्या पट्ट्यांच्या दाढा असतील तर शेतातली लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस. ही बिळात धान्याचा साठा करते आणि शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्यांपैकी आहे. यांशिवाय मऊ केसांचा शेतउंदीर मिलार्डिया मेल्टाडा आणि घरातला रॅटस रॅटस. या दोघांची कवटी भिंगाखाली सरावानेच वेगळी ओळखू येते. पहिले पन्नासेक नमुने जाणकाराला दाखवा. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे.

खात्री नसेल तर ‘उंदीर, अनिश्चित’ लिहा आणि जबडा जपून ठेवा. आयर्लंडमध्ये २००७ साली गव्हाणी घुबडांच्या आणि केस्ट्रल नावाच्या लहान ससाण्याच्या गोळ्यांत अशाच परक्या कवट्या सापडल्या. त्या मोठ्या पांढऱ्या दातांच्या चिचुंद्रीच्या निघाल्या. हा प्राणी आयर्लंडमध्ये आहे हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी टिपररी परगण्यात ती जिवंत सापडली. ती जिथे स्थिरावली तिथून मूळची बुटकी चिचुंद्री नाहीशी होत असल्याचं पुढे दिसलं. माणसांनी सापळे लावण्याआधी बातमी घुबडाने दिली होती.

मोजणी

एका गोळीत कवट्या दोन, डावे जबडे तीन, उजवे जबडे दोन, सगळे एकाच जातीचे. प्राणी किती? किमान तीन. ज्या हाडाची संख्या सर्वांत जास्त तीच धरायची, आणि प्रत्येक जातीसाठी वेगळी. हाडांची बेरीज करू नका.

नुसत्या संख्येने मात्र चित्र अर्धंच कळतं. समजा एका महिन्यात ६० मस बुडुगा आणि १० लहान घुशी सापडल्या. संख्येने मस सहापट. पण मस साधारण १० ग्रॅमचा, म्हणजे एकूण ६०० ग्रॅम. घुशी १२० ग्रॅमच्या धरल्या तर १२०० ग्रॅम. घुबडाचं पोट घुशींवर चाललं होतं. पूर्ण वाढलेली घूस २०० ग्रॅमच्या वर जाते, तरी मी १२० का धरले? गव्हाणी घुबड बहुतेक वेळा अर्धवट वाढलेल्या घुशी उचलतं. प्रौढ वजन लावलं तर घुशींचा वाटा उगीच फुगतो. जबड्याची लांबी मोजून ठेवली तर पुढे वजनाचा अंदाज सुधारता येतो, म्हणून प्रत्येक घुशीचा जबडा मोजाच.

आहार किती विविध आहे हे एका आकड्यात पाहायचं असेल तर प्रत्येक जातीच्या वाट्याचा वर्ग करा, त्यांची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेने भागा. वाटे ०.५, ०.३ आणि ०.२ असतील तर बेरीज ०.३८ आणि उत्तर २.६३. जाती तीनच, आणि जेवण जणू अडीचपेक्षा थोड्या जास्त जातींत वाटलेलं. हा आकडा वर्षागणिक खाली येत असेल तर घुबड एकाच भक्ष्यावर विसंबू लागलं आहे.

वहीत टक्के लिहू नका, मूळ संख्या लिहा. टक्के केव्हाही काढता येतात.

एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना

समजा पहिल्या वर्षी १०० प्राण्यांत ४० शेतउंदीर होते आणि पाचव्या वर्षी १०० त ३३. शेतउंदीर घटले का? सांगता येत नाही. शंभराच्या नमुन्यात ४० टक्क्यांच्या आकड्याला दोन्ही बाजूंना जवळजवळ १० टक्क्यांचं अंतर मोकळं असतं. नमुना ४०० चा असेल तर ते अंतर पाचवर येतं. म्हणून एका हंगामात शंभराहून कमी प्राणी असतील तर मी त्यावरून काहीही बोलत नाही. आणि तुलना नेहमी त्याच हंगामाची त्याच हंगामाशी. खरीप काढणीनंतर शेतात उंदीर उसळलेले असतात, मुसळधार पावसात बिळं बुडालेली असतात. एका वर्षाचा नोव्हेंबर दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टसमोर ठेवला तर हंगामातला फरक वर्षांतला फरक म्हणून छापला जाईल.

पिल्लं असलेले महिने वेगळे ठेवा. वाढीच्या वयातली पिल्लं हाडं जास्त पचवतात, त्यांच्या गोळ्यांत लहान भक्ष्य कमी दिसतं.

हे सगळं चाळून झाल्यावरही बदल टिकला तर कारण शोधायला शेताकडे जा. इथे आपल्याकडे एक साधन आहे आणि ते पक्षीनिरीक्षक क्वचितच वापरतात: सातबारा. त्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. घुबडाच्या जागेभोवती दीड-दोन किलोमीटरचं वर्तुळ काढा, त्यातले गट क्रमांक काढा आणि बाजरी कधी गेली, ऊस कधी आला, पड जमीन कधी नांगरली हे गटवार लिहा. २०२१ पासून ई-पीक पाहणीही आहे. नोंद आणि शिवार नेहमी जुळतंच असं नाही, त्यामुळे दर हंगामात एकदा स्वतः फिरून उभं पीक पाहून या. महसूल मंडळाचा पाऊस शेजारच्या रकान्यात टाका. कृषी सेवा केंद्रात त्या वर्षी उंदरांसाठी काय विकलं गेलं तेही विचारा: झिंक फॉस्फाइड की ब्रोमॅडिओलोन. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंद होऊन वावरतो आणि घुबडाच्या सहज हाती लागतो. विष घुबडाच्या यकृतात साठतं. अशा महिन्यात एखाद्या जातीचा वाटा अचानक वाढलेला दिसला तर तो सुकाळ समजू नका.

घुबड निवडून खातं की जे मिळेल ते, हे गोळ्या एकट्या सांगत नाहीत. त्यासाठी बिळं मोजा: ठरलेल्या बांधांवरची सगळी बिळं संध्याकाळी मातीने बुजवायची आणि सकाळी किती उघडली ते मोजायचं. पीकसंरक्षणातली ही जुनी रीत आहे आणि दर हंगामात दोन दिवसांत होते.

दीर्घ काळाच्या नोंदी काय दाखवतात याची दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. ब्रिटनमध्ये गव्हाणी घुबडांच्या आहारातला १९७४ ते १९९७ चा बदल तपासला गेला. साध्या चिचुंद्रीचा वाटा घटला होता, जंगली उंदराचा वाढला होता, आणि त्याचा संबंध शेतीच्या बदललेल्या पद्धतीशी लावला गेला. फिनलंडमध्ये काउहावा भागात संशोधक एर्की कोर्पिमाकी यांनी १९७० च्या दशकापासून टेंगमाल्मच्या घुबडांचा माग ठेवला. तिथे आखूड शेपटीच्या वोल उंदरांची संख्या साधारण तीन वर्षांच्या चक्रात चढते-उतरते, आणि ओसरत्या वर्षी घुबडं चिचुंद्र्या आणि पक्ष्यांकडे वळतात. तिथे कोणी दोनच वर्षं मोजली असती तर चक्रातला उतार हाच कायमचा ऱ्हास वाटला असता. आपल्या रानातलं असं चक्र आपण अजून लिहून काढायचं आहे, म्हणून पाच वर्षांच्या आत मी निष्कर्ष काढत नाही.

आधार म्हणून मागे जायचं असेल तर बीएनएचएसची सस्तन प्राण्यांची पाहणी आहे. ती १९११ साली खानदेशातून सुरू झाली आणि १९२३ पर्यंत चालली. कोणत्या गावी कोणता उंदीर मिळाला याच्या त्या नोंदी आहेत. त्यावरून प्रमाण कळत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी एखादी जात तुमच्या भागात होती का, एवढं कळतं.

जागेचं नाव

समाजमाध्यमांवर वाड्याचं नाव, गावाचं नाव, नकाशातला बिंदू टाकू नका. दिवाळीच्या अमावास्येच्या आधी जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात आणि विकली जातात. गणेशोत्सव संपल्यापासून अनोळखी माणसं ‘घुबड कुठं बसतं’ विचारू लागली तर वनखात्याला कळवा. वहीत जागेला क्रमांक द्या. क्रमांक आणि गाव यांची जोडी वेगळ्या कागदावर घरी ठेवा.

जागा रिकामी झाली तर

वाडे पडतात. आमचा वाडा एका उन्हाळ्यात उतरवला गेला आणि जोडी जुन्या टाकीत गेली. तिथली मालिका मी नव्या क्रमांकाने सुरू केली, जुन्याला जोडली नाही, कारण टाकीभोवतीचं रान वेगळं आहे. जुन्या जागेची फेरी मात्र थांबवलेली नाही. तिथे आता अर्धी भिंत आणि एक तुळई आहे. शेवटच्या रविवारी जातो, खाली पाहतो आणि वहीत तारीख, वेळ आणि ‘गोळ्या: ०’ लिहून टाकीकडे निघतो.